मोठ्या पाइपाने इंजिन मोकळं होत नाही: ट्रकच्या हेडरचं माप कसं काढायचं

आमच्या वणी-वरोरा रस्त्यावर बारा महिने कोळशाच्या गाड्या चालतात आणि दिवाळीनंतर त्यांच्यात कापसाच्या गाड्यांची भर पडते. गॅरेज रस्त्यालाच असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं, "भाऊ, गाडी ओढून नाही राहिली, जरा मोठा पाइप टाकून द्या न." आयटीआय करून नवीन आलेली पोरंही हेच धरून बसलेली असतात. पाइप मोठा केला की धूर मोकळा, धूर मोकळा झाला की ताकद जास्त. ऐकायला बरोबर वाटतं, आणि मीही एकदा असंच समजून एका माणसाची गाडी बिघडवली आहे.

गॅरेज सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एक जुनी टाटा ४०७ आली, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं चाक) नसलेली, जिनिंगला कापूस वाहणारी. मालकाची तक्रार ओढीची. मी ओतीव लोखंडाचा मूळ मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून पुढच्या पाइपात सोडणारा भाग) काढला, भंगारातून दोन इंची पाइप आणला, चार तुकडे वाकवले आणि हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप देऊन पुढे एकत्र आणलेला मॅनिफोल्ड, जोडून दिला. आवाज असा भरदार निघाला की मालक खूश, मीही खूश. चौथ्या दिवशी ड्रायव्हर परत आला. म्हणाला, "भाऊ, आवाज ट्रकचा अन् ओढ रिक्षाची." तीन आठवड्यांत फ्लँजजवळचं (इंजिनाला बोल्ट होणाऱ्या जाड पट्टीजवळचं) वेल्डिंगही तडकलं. ते सोडवताना सहज एअर फिल्टर उघडला. आत जिनिंगच्या आवारातला कापसाचा तंतू आणि रस्त्याची धूळ मिळून गोधडीसारखा थर बसला होता. इंजिनला श्वास घेता येत नव्हता आणि मी श्वास सोडायचा रस्ता रुंद करत बसलो होतो. फिल्टर बदलला, मूळ मॅनिफोल्ड परत चढवला आणि गाडी पहिल्यासारखी चालू लागली. हेडरचे पैसे मी घेतले नाहीत.

खाली जे लिहितो आहे ते त्या चुकीतून, पुढे केलेल्या मोजमापातून आणि थोड्या वाचनातून जमलेलं आहे. काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सांगतो.

आधी कोणत्या इंजिनला हात लावायचा ते ठरवा

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टला हात लावू नका. तिथे पाइपावर सेन्सर आहेत, काजळी पकडणारा फिल्टर आहे, मोठ्या गाडीत युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणाही आहे. एक तुकडा बदलला तरी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ताकद कापतो, आणि मग निदान करता करता महिना जातो.

जुन्या गाडीचंही कायद्याने मोकळं रान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला मी आता हेडर बनवून देत नाही, मूळ मॅनिफोल्ड दुरुस्त करून देतो. हेडरचं काम येतं ते ट्रकमधून काढलेल्या आणि बदल करून दुसरीकडे बसवलेल्या इंजिनांचं. कोणी दालमिलच्या जनरेटरवर बसवतं, कोणी पाण्याच्या पंपावर. शिकायलाही अशीच इंजिनं बरी. ती एका जागी उभी असतात, लोड आपल्या हातात असतो आणि हवं तेव्हा मोजता येतं.

धूर बाहेर कसा पडतो ते डोळ्यांसमोर आणा

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली पोचायच्या थोडं आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून बरंच प्रेशर उरलेलं असतं, त्यामुळे धुराचा पहिला लोट स्वतःच्याच जोरावर बाहेर पडतो. मग पिस्टन वर येताना उरलेला धूर ढकलतो. पिस्टन अगदी वर असताना क्षणभर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. हेडरची खरी करामत याच क्षणात असते. पुढे धावत सुटलेला धुराचा खांब आपल्यामागे पोकळी सोडतो. त्या पोकळीने सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताज्या हवेलाही आत यायला मदत होते.

विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला हे लवकर कळतं. मोटार बंद केली तरी लांब पाइपातलं पाणी लगेच थांबत नाही, पुढे धावायला बघतं आणि पाइप धाडकन हलतो. धावत्या पाण्याला जसा जोर असतो तसाच धावत्या धुरालाही असतो. तो जोर वेगावर अवलंबून आहे. पाइप रुंद केला की तेवढाच धूर हळू चालतो, ओढ संपते, आणि कमी आरपीएमला तर धूर उलटा सिलिंडरकडे सरकू शकतो. पाइप फार बारीक केला तर वेग खूप, पण पिस्टनलाच धूर ढकलायला ताकद खर्चावी लागते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची असते, आणि ती जागा प्रत्येक आरपीएमला वेगळी असते.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. डिझेलमध्ये ओव्हरलॅप साधारणपणे पेट्रोलपेक्षा कमी असतो, म्हणून हेडरचा फायदाही कमी. पेट्रोल इंजिनावर बघितलेला चमत्कार डिझेलवर होईल, अशी आशा धरू नका.

पाइप कापण्याआधी पाण्याच्या नळीने मोजा

हे काम दहापैकी नऊ जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. खरंच धूर अडतो आहे का? अडत असेल तर कुठे?

महागडं मीटर लागत नाही. गवंडी पाण्याची लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी चार-पाच मीटर घ्या. एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी उभी बांधा, दोन्ही बाजू दीड-दीड मीटर उंच. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसावं म्हणून त्यात थोडी निळ टाका. मॅनिफोल्ड संपतो तिथून हातभर पुढे, सरळ पाइपावर, एक छोटं भोक पाडून त्यावर नट वेल्ड करा. त्यात तांब्याची बारीक नळी बसवा. फ्रिजवाल्याकडे मिळते तीच. तांब्याची नळी निदान मीटरभर तरी हवी आणि मधे दोन-तीन वेटोळे द्या, नाहीतर गरम धुराने प्लास्टिकची नळी वितळेल. तांब्याचं दुसरं टोक पारदर्शक नळीला जोडा. यूचं दुसरं तोंड उघडंच राहू द्या.

इंजिन गरम करा, पूर्ण लोड द्या, पूर्ण आरपीएमवर न्या. पाणी एका बाजूला खाली जाईल, दुसरीकडे वर चढेल. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर टेपने मोजा. एक मीटर फरक म्हणजे जवळपास १० किलोपास्कल बॅक प्रेशर, म्हणजे धूर अडल्यामुळे पाइपात साठणारा उलटा दाब. पाणी नाचतं, कारण धूर झटक्याझटक्याने येतो. नळीला कपड्याचा चिमटा थोडासा लावला की नाच कमी होतो. टर्बो असेल तर भोक टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला पाडायचं. टर्बोच्या आधी प्रेशर इतकं असतं की पाणी फळीवरून उडून तुमच्या तोंडावर येईल.

बऱ्याच डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बॅक प्रेशरची मर्यादा १० किलोपास्कलच्या आसपास दिलेली असते. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पाणी पन्नास सेंटीमीटरच्या आतच राहिलं तर एक्झॉस्ट अडत नाही आहे. मग पाइप मोठा करून काही हाती लागणार नाही.

आता तीच नळी एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या पाइपाला लावा. इथे पाणी उलट्या बाजूला ओढलं जाईल. साठ-पासष्ट सेंटीमीटर फरक दिसला की फिल्टर बदलायची वेळ झाली असं समजा. माझ्या त्या ४०७ वर मी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर तो दोन इंची पाइप भंगारातच राहिला असता.

एक्झॉस्ट अडत असेल तर लगेच हेडरला दोष देऊ नका. सायलेन्सर सोडून परत मोजा. पाणी एकदम खाली आलं तर आतली जाळी तुटून आडवी पडली आहे किंवा काजळीने भरली आहे. जुन्या गाड्यांत मला बहुतेक वेळा हेच सापडलं. आणि हो, हे सगळं शेडचं दार लावून करू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता हिशेब: एका सिलिंडरचे सीसी आणि पाइपाचं आतलं माप

नळीने सांगितलं की मॅनिफोल्डच अडतो आहे, तर मग व्हर्नियर आणि कागद घ्या.

पाइप बाजारात बाहेरच्या मापाने विकतात आणि धूर आतून जातो, हे विसरू नका. १६ गेजचा पाइप म्हणजे १.६ मिलिमीटर जाड पत्रा. दीड इंची पाइप आतून ३४.९ मिलिमीटर भरतो, म्हणजे ९.६ चौरस सेंटीमीटर जागा. एक इंच पाच सुताच्या (आठ सूत म्हणजे एक इंच) पाइपात ११.४ चौरस सेंटीमीटर, पावणेदोन इंचीत १३.४, दोन इंचीत १७.८. दीडवरून पावणेदोनवर गेलात तर माप दोनच सूत वाढलं असं वाटतं, पण जागा ४० टक्के वाढते. दोन इंचीवर गेलात तर जवळपास दुप्पट.

हाताशी ठेवायचं सूत्र असं आहे: पाइपाची आतली जागा चौरस सेंटीमीटरमध्ये घ्या, तिला २,२५,००० ने गुणा, एका सिलिंडरच्या सीसीने भागा. जो आकडा येईल त्या आरपीएमच्या आसपास हेडर सगळ्यात जास्त मदत करतो. हा २,२५,००० कुठून आला? पिस्टनने ढकललेला धूर पाइपात सरासरी सेकंदाला ७५ मीटर वेगाने जावा असं धरलं की हिशेबातून तोच आकडा निघतो. पेट्रोल इंजिनांवरचा हा अंगठानियम आहे, डिझेलवर त्याने दिशा कळते, एवढंच.

४०७ मधलं जुनं ४९७ इंजिन घ्या. बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १००, चार सिलिंडर मिळून २,९५६ सीसी. एकाचे ७३९. सूत्रात टाका:

सवा इंची पाइप: सुमारे १,९५० आरपीएम
दीड इंची: सुमारे २,९००
एक इंच पाच सूत: सुमारे ३,४५०
पावणेदोन इंची: ४,१०० च्या जवळ
दोन इंची: ५,४००

आता विचार करा, भरलेली गाडी चढावर किती आरपीएमला चालते? दीड-दोन हजाराला. मी लावलेला पाइप ५,४०० आरपीएमचा होता. तिथवर ते इंजिन जन्मात पोचणार नव्हतं. १,८०० आरपीएमला दीड इंची पाइपात धुराचा वेग सेकंदाला ४६ मीटर असता, माझ्या पाइपात तो २५ वर आला होता. ड्रायव्हर रिक्षा म्हणाला ते उगीच नाही. अर्थात ओढीचं मोठं नुकसान फिल्टरचं होतं. माझ्या पाइपाने त्यात भर घातली आणि वर आवाज दिला.

मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांसाठी हा हिशेब फार उपयोगी आहे. त्यांचं जुनं प्रसिद्ध ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन घ्या. आठ सिलिंडर, एकाचे जवळपास ७१७ सीसी. म्हणजे सिलिंडर आपल्या ४९७ एवढाच! ते लोक त्याला एक इंच पाच सूत किंवा पावणेदोन इंची हेडर लावतात, सूत्राने ३,६०० ते ४,२०० आरपीएम येतात, आणि ते इंजिन पाच हजाराच्या वरही फिरतं. त्यांचं बरोबर आहे. सिलिंडर सारखा म्हणून तोच पाइप आपल्या डिझेलला लावला तर चूक, कारण आपलं इंजिन त्यांच्या निम्म्या आरपीएमला राबतं. तिकडेही ओझं ओढणारे लोक बारीक हेडर निवडतात आणि शर्यतीवाले जाड.

सूत्राला एक मर्यादा आहे. पाइप हेडच्या पोर्टपेक्षा (इंजिनातून धूर बाहेर पडायच्या भोकापेक्षा) बारीक कधीच घ्यायचा नाही, सूत्र काहीही म्हणो. पोर्टचं माप घ्यायला साधी युक्ती: पोर्टच्या कडेला बोटाने थोडं ग्रीस लावा, वर पुठ्ठा दाबा, छाप उठतो. त्याच छापावर नवीन पॅकिंग ठेवून बघा. पॅकिंगची कड पोर्टच्या आत डोकावत असेल तर ती कापून घ्या. पाइप पोर्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठा असला तर चांगलंच, त्या पायरीमुळे उलटा येणारा धूर थोडा अडतो. पाइप लहान असला तर तीच पायरी बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत भिंत होते.

लांबीच्या मागे फार लागू नका

शर्यतीच्या गाड्यांत पाइपाची लांबी मिलिमीटरवर मोजतात. धुराचा झटका पाइपाच्या तोंडाशी पोचला की तिथून ओढीची लाट होऊन परत येते, आणि ती ओव्हरलॅपच्या क्षणी पोचावी अशी लांबी ठेवतात. आपल्याकडे ते का जमत नाही बघा. ६०० अंश सेल्सिअस धुरात लाट सेकंदाला साधारण ५९० मीटर धावते. ९० सेंटीमीटरच्या पाइपात जाऊन-येऊन तीन मिलिसेकंद. २,५०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ४५ अंश फिरतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सव्वादोनशे-अडीचशे अंश उघडा असतो. म्हणजे लाट कधीच येऊन गेली, ओव्हरलॅपला अजून अवकाश आहे. तिला वेळेवर आणायचं तर पाइप इतका लांब लागेल की त्यावर कपडे वाळत घालता येतील.

म्हणून चारही पाइप साधारण सारख्या लांबीचे ठेवा आणि पुढे चला. ओढणाऱ्या इंजिनाला चार पाइप एकदम एकत्र आणण्यापेक्षा आधी दोन-दोन आणि मग एक करणं बरं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असते, म्हणून १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. असं केलं की एकाच्या धुराचा धक्का लगेच पुढच्याला बसत नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात ऑर्डर १-५-३-६-२-४, तिथे पुढचे तीन एकत्र आणि मागचे तीन एकत्र. शेवटचा एकत्र पाइप दीड इंची चार पाइपांना अडीच इंची पुरतो.

टर्बो असेल तर उलट विचार करा

टर्बोचं चाक धुरातल्या प्रेशरने, उष्णतेने आणि झटक्यांनी फिरतं. टर्बोच्या आधी मोठे लांब पाइप टाकले की धूर पसरतो, गार होतो आणि चाक उशिरा उठतं. ड्रायव्हर म्हणतो, "पिकअप मागून येते." म्हणून टर्बोच्या आधी कंपनीचा आखूड, जाड, ओतीव मॅनिफोल्डच ठेवा. पत्र्याच्या हेडरवर टर्बोचं वजन लटकवलं की तो तडकणारच, एक महिन्याने की सहा, एवढाच प्रश्न. मोकळं करायचं ते टर्बोच्या पुढे. तिथे बॅक प्रेशर जितकं कमी तितकं बरं, ओढ जाण्याची भीती नाही.

टर्बोच्या गाडीची ओढ कमी झाली आणि काळा धूर येत असेल तर आधी मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी काजळीचा पट्टा दिसतो का बघा. टर्बोच्या आधी झालेलं लिकेज म्हणजे टर्बोचा घास पळवणं. गार इंजिन सुरू करून जोडांजवळ अगरबत्ती फिरवली की धूर कुठे हलतो ते दिसतं.

बनवताना

पाइप एमएसचा (साध्या पोलादाचा) घ्या, शक्यतो २ मिलिमीटर जाड. (हिशेबात आतलं माप मग बदलेल, परत मोजा.) पाण्याचा जीआय पाइप चुकूनही वापरू नका. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंग करताना जळतं, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. हे मी दुसऱ्याचं ऐकून लिहीत नाही.

स्टेनलेस दिसायला छान, पण गरम झाल्यावर जास्त वाढतो. ६० सेंटीमीटरचा हेडर ५०० अंशांनी तापला तर एमएसचा साडेतीन मिलिमीटर लांबतो, स्टेनलेसचा पाच. ती वाढ सामावायला जागा नसेल तर स्टड तुटतात.

बेंड तयार मिळाले तर तेच घ्या. गावात वाळू भरून, तापवून वाकवायची पद्धत आहे, तीही चालते, पण वाळू कोरडी ठाक हवी आणि गच्च ठोकलेली हवी. ओली वाळू तापली की वाफ होऊन डट्टा गोळीसारखा उडतो. वाळू न भरता वाकवलं तर पाइप चपटा होतो. दीड इंची पाइप वळणावर आतून ३५ चा २६ मिलिमीटर झाला, तर दहा टक्के जागा गेली. एवढा हिशेब करून निवडलेला पाइप वाकवताना घालवू नका.

फ्लँज निदान १० मिलिमीटर जाड. वेल्डिंगच्या उष्णतेने ती केळ्यासारखी वाकते, म्हणून भंगारातल्या जुन्या हेडवर पक्की बोल्ट करूनच वेल्ड करा, गार होईपर्यंत सोडू नका आणि मग लेथवाल्याकडून फेसिंग मारून घ्या. पाइप फ्लँजमधून थोडा आत घालून आतल्या बाजूने वेल्ड केला असेल तर आत आलेला मणी ग्राइंडरने काढून टाका. बोट फिरवून बघायचं, अडलं नाही पाहिजे.

हेडरचं वजन एकट्या फ्लँजने पेलू नये. पुढच्या पाइपाला इंजिनाच्याच बॉडीवरून आधार द्या. चासीवरून दिलात तर इंजिन हलेल, चासी हलणार नाही, आणि तडा नेमका वेल्डिंगला जाईल. माझ्या ४०७ चं तेच झालं होतं.

आपल्याकडची आणखी एक बाब. पत्र्याचा हेडर ओतीव मॅनिफोल्डपेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकतो, आणि कापसाच्या दिवसांत इंजिनखोलीत तंतू उडत असतो. तो तापलेल्या पाइपावर बसून धुमसतो. डिझेलची नळी, वायरिंग आणि रबरी होज पाइपापासून वीतभर तरी लांब ठेवा, मधे पत्र्याची आड लावा, आणि जिनिंगजवळच्या इंजिनावर रोज संध्याकाळी गार झाल्यावर हवा मारा.

बसवल्यावर

जोड आधी गार असतानाच तपासा. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी लावून कंप्रेसरची हवा अगदी थोडी सोडा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर आत्ताच कळेल.

मग तीच फळी, तीच नळी, तोच लोड, तेच आरपीएम. आधीचा आकडा वहीत लिहिलेला असेल तर शेजारी नवीन लिहा. आणि शक्यतो त्याच आठवड्यात मोजा. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा १२ वर असतो, मे महिन्यात दुपारी ४५ वर. तेवढ्या फरकाने हवा जवळपास दहा टक्के विरळ होते आणि इंजिनाला तेवढीच हवा कमी मिळते. हिवाळ्यात बसवलेला हेडर उन्हाळ्यात "बसला" असं वाटतं ते पुष्कळदा याच्यामुळे.

स्टडला कॉपरचे नट वापरा, गंजून जाम होत नाहीत. पहिल्यांदा इंजिन तापवून पूर्ण गार झालं की नट परत कसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने आणखी एकदा. मधल्या स्टडपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं, आणि मधल्या नटाला पाना शिरत नाही म्हणून तो सोडून द्यायचा नाही. पॅकिंग उडतं ते बहुतेक तिथूनच.